वेळेवर कोसळणारं घर

२०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एक भुकटी तयार झाली. तिचं नाव एनयू-११०. तिच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ मोजलं तेव्हा ते भरलं ७१४० चौरस मीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर सत्तर गुंठे. चिमूटभर भुकटीत पावणेदोन एकर रान! या रानाचा सातबारा कुणी काढणार नाही आणि त्यात सोयाबीनही पेरता येणार नाही, पण मोजमाप खरं आहे.

एवढी जागा येते कुठून? बाहेरून नाही, आतून. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं खणांत मोजली जायची. खांब उभे करायचे, त्यांवर तुळया टाकायच्या, दोन तुळयांमधली मोकळी जागा म्हणजे एक खण. या भुकटीचा प्रत्येक कण तसाच, नुसत्या खणांचा बांधलेला असतो. खांबाच्या जागी धातूचे अणू: जस्त, तांबं, लोह, झिर्कोनियम. तुळयांच्या जागी कार्बनचे लांबट, ताठ रेणू. भिंती जवळपास नाहीतच. एका कणात असे कोट्यवधी खण, सगळे एकाच मापाचे. प्रत्येक खांबाची आणि तुळईची प्रत्येक बाजू हवेला मोकळी आहे, आणि त्या सगळ्या बाजूंची बेरीज केली की सत्तर गुंठे भरतात. रसायनशास्त्रात या पदार्थांना धातू-सेंद्रिय चौकटी म्हणतात. प्रयोगशाळेत सर्रास ‘मॉफ’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

लातूरला नीटची तयारी केलेल्या कुठल्याही मुलाने या घराचा पाया वाचलेला असतो. बारावीचं ‘कोऑर्डिनेशन कंपाउंड्स’ हे प्रकरण, ज्यातली नावं पाठ करताना रात्री जातात, तेच हे. मध्ये धातू, भोवती त्याला धरून बसलेले रेणू. आल्फ्रेड वेर्नरला त्याबद्दल १९१३ साली नोबेल मिळालं. पुस्तकात मात्र ते रेणू एकाच धातूला धरतात, म्हणून गोष्ट तिथेच संपते. रेणूला दोन्ही टोकांना हात दिले तर? एका हाताने हा धातू, दुसऱ्या हाताने पुढचा, मग त्याच्या पुढचा. मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन १९७४ साली वर्गात दाखवण्यासाठी लाकडी गोळ्यांच्या प्रतिकृती करत होते, तेव्हा हा विचार त्यांच्या डोक्यात आला. तो प्रत्यक्षात उतरवायला त्यांनी पंधरा वर्षं घेतली. १९८९ साली त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू जोडून हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ रचना दाखवली. क्योतोच्या सुसुमु कितागावांनी १९९७ साली अशा पोकळ्यांतून वायू आत-बाहेर करू शकतात आणि घर शाबूत राहतं हे दाखवलं. ओमर याघींनी १९९९ साली जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल घेऊन मॉफ-५ बांधलं. हे आम्ल म्हणजे पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा कच्चा माल. या तिघांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याघींबद्दल लातूरकरांना एक गोष्ट सांगायलाच हवी, विषय थोडा बाजूला गेला तरी चालेल. अम्मानमधल्या निर्वासित कुटुंबात ते वाढले, नळाला पाणी आठवड्या-पंधरवड्यातून काही तास यायचं, आणि ते भरून ठेवायचं काम पोरांचं. पुढे त्यांनी असं मॉफ शोधलं की जे वाळवंटातल्या हवेतली वाफ रात्री खणांत भरून घेतं आणि उन्हात पाणी म्हणून सोडतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे ज्या शहरात आली, तिथल्या माणसाला या संशोधनामागची तहान वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता औषधाकडे. मॉफ आणि जिवाणू ही जोडी ऐकली की पहिल्यांदा मनात येतं, जिवाणू त्या पोकळ्यांत अडकत असतील. तसं अजिबात नाही. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस साधारण एक मायक्रोमीटर जाडीचा. मॉफचा खण साधारण एक नॅनोमीटरचा. म्हणजे पाहुणा घराच्या खणापेक्षा हजारपट मोठा. तो आत जाणं सोडाच, उंबऱ्यावर पायही ठेवू शकत नाही. घर त्याच्यासाठी बांधलेलंच नाही. ते त्याच्या शत्रूंसाठी बांधलेलं आहे.

त्यातला सगळ्यात जुना शत्रू आपल्या देवघरात आणि माजघरात आहे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, हे आजी सांगायची. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. कॉलरा, टायफॉइड, हगवण यांचे जिवाणू मुद्दाम पाण्यात सोडले, ते पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं, आणि नंतर त्यातून एकही जिवाणू वाढवून दाखवता आला नाही. पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरंच खाली होतं. तांब्याचे आयन जिवाणूच्या आवरणाला बिघडवतात, आत जाऊन त्याच्या प्रथिनांमध्ये दुसऱ्या धातूंच्या जागा बळकावतात आणि ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार करतात. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी मार बसतो. अँटिबायोटिक बहुधा एकच कुलूप शोधतं, आणि जिवाणू ते कुलूप बदलून मोकळा होतो. तांब्यासमोर एवढी कुलपं बदलायची म्हणजे अवघड काम.

मला याहून थक्क करणारी वाटते ती आपल्याच शरीरातली गोष्ट. रक्तातून येणारी मॅक्रोफेज नावाची पेशी जिवाणूला गिळते, एका पिशवीत कोंडते, आणि त्या पिशवीत तांबं उपसून भरते. त्यासाठी तिच्याकडे खास पंप आहे. ती पिशवी आंबटही करते. म्हणजे तांबं आणि आम्ल यांचा वापर शरीराला फार पूर्वीपासून माहीत आहे. पुढे जे येतं ते याच दोन गोष्टींचं आहे.

धातू जिवाणू मारतात हे कळल्यावर अडचण उरते मात्रेची. जखमेवर चांदीचं मीठ टाकलं तर सगळी चांदी एकदम सुटते, आणि जखमेच्या पाण्यातल्या क्लोराइडला धरून त्यातली बरीचशी पांढऱ्या साक्यात बसते. तांबं एकदम टाकलं तर जिवाणूंबरोबर आपल्या पेशीही होरपळतात. हवं ते थोडं थोडं, बरेच दिवस, आणि शक्य तर नेमक्या जागी. फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०११ साली चांदीचं एक मॉफ करून दाखवलं आणि त्याला जिवाणूनाशक आयनांचा साठा म्हटलं. चांदी तिथे घराचा खांब आहे. घर हळूहळू झिजतं, खांब सुटत जातात, प्रत्येक सुटलेला खांब म्हणजे औषधाचा एक थेंब.

इथे माझ्या मते या साऱ्या विषयातली खरी गंमत आहे. मॉफ बनवणाऱ्यांनी दहा-पंधरा वर्षं एका गोष्टीबद्दल कपाळाला हात लावला होता: घरं टिकत नाहीत. मॉफ-५ दमट हवेतच ढासळतं. हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात १९९९ साली तांबं आणि ट्रायमेसिक आम्ल यांपासून झालेलं एचकस्ट-१ हे सुंदर निळं मॉफ, पण पाण्यात ठेवलं की हळूहळू मोडतं. वायू साठवायच्या टाकीत, कारखान्याच्या धुराड्यात असला माल कोण भरणार? पण डॉक्टरला नेमकं तेच हवं आहे. ज्याला अभियंता दोष म्हणतो, ते इथे काम आहे. कोसळायचं, पण वेळेवर आणि सांगितलेल्या जागी.

नॉर्थवेस्टर्नमधल्याच गिलेर्मो अमीर यांच्या गटाने एचकस्ट-१ चे अतिसूक्ष्म कण एका जेलमध्ये मिसळले. हे जेल बाहेर पातळ असतं आणि अंगाच्या उबेने घट्ट होतं, त्यामुळे जखमेच्या खाचाखोचांत जाऊन बसतं. २०१७ साली त्यांनी ते मधुमेही उंदरांच्या जखमांवर लावलं. घर धीम्या गतीने मोडलं, तांबं धीम्या गतीने सुटलं, पेशींना होणारा त्रास कमी झाला आणि जखमा लवकर भरल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी खणांत फॉलिक आम्ल बसवलं, त्याने पडझड आणखी सावकाश झाली. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. या प्रयोगांत तांब्याचं मुख्य काम जिवाणू मारणं नव्हतं, नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करणं होतं. पण शुगरवाल्या माणसाच्या पायाची जखम ज्याने घरात पाहिली आहे, त्याला ठाऊक असतं की न भरणारी जखम आणि सडणारी जखम यांत फार अंतर नसतं. पायाला बधिरता, धुऱ्यावरून चालताना रुतलेला काटा, आठ दिवसांनी लक्षात येणं, आणि मग बोट वाचतं की पाऊल, एवढाच प्रश्न. दोन्ही कामं एकाच भुकटीने केली तर हवंच आहे.

झिफ-८ ची गोष्ट याहून चतुर आहे. जस्त आणि मिथाइल-इमिडाझोल यांचं हे मॉफ. त्याचे दोन घटक पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये साध्या खोलीच्या तापमानाला मिसळले तरी थोड्याच वेळात द्रव दुधाळ होतो, आणि ते दूध म्हणजे अब्जावधी छोटी घरं. एका ग्रॅमला सोळा-सतरा गुंठे. हे घर रक्ताच्या नेहमीच्या किंचित अल्कधर्मी वातावरणात चांगलं उभं राहतं, आम्लात मात्र विरघळतं. आणि जिवाणूंनी ठाण मांडलेली जागा बहुधा आंबट असते. बायोफिल्म म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर. दातांवरचं किटण हे त्याचं रोजचं रूप, लघवीच्या नळीवर किंवा सांध्यात बसवलेल्या कृत्रिम भागावर तो धरला की रुग्णाचे हाल. या थराच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, जिवाणू साखर आंबवतात आणि आम्ल साचतं. अँटिबायोटिकही तिथे धड पोचत नाही. झिफ-८ तिथे पोचलं की आम्लातले प्रोटॉन तुळयांचे हात जस्तापासून सोडवतात. शत्रू स्वतःच्याच आम्लाने घर पाडतो, आणि आत बसवलेलं औषध त्याच्या डोक्यावर पडतं.

झिफ-८ ची दारं इतकी अरुंद की अँटिबायोटिकचा रेणू बाहेरून आत शिरत नाही. मग पाहुण्याला आधी बसवायचं आणि घर त्याच्याभोवती बांधायचं. धनबादच्या आयआयटीतल्या आणि मिदनापूरच्या विद्यासागर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली व्हँकोमायसिन असं कोंडून अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर वापरून पाहिलं. व्हँकोमायसिन म्हणजे अशा संसर्गांत डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, त्या मोजक्या औषधांतलं एक. ते वाया न घालवता पोचवायचं, एवढाच हेतू.

याच झिफ-८ ला उन्हात ठेवलं तर ते काही न कोंडताही मारतं. बीजिंगच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या गटाने २०१९ साली दाखवलं, की सूर्यासारख्या प्रकाशात दोन तासांत त्याने पाण्यातले ई-कोलाय जिवाणू ९९.९९९९ टक्के संपवले. प्रकाशाने जस्ताभोवतीचे इलेक्ट्रॉन हलतात, ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि तो जहाल होतो. त्यांनी ही भुकटी हवा गाळणाऱ्या कापडावर चढवली. मास्कमध्ये अडकलेले जंतू उन्हात मरावेत, अशी कल्पना. एप्रिलमध्ये नांदेडच्या रस्त्यावर उन्हाची टंचाई कुणाला भासेल असं वाटत नाही.

आणि वायू. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपलं शरीर स्वतः बनवतं, जिवाणू मारायला आणि रक्तवाहिन्या सैल करायला. तो सिलिंडरमधून जखमेवर सोडायचा म्हणजे भलतंच. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रसेल मॉरिस यांनी तो मॉफच्या खणांत भरून कोरडा साठवला. ओलावा लागला की पाण्याचे रेणू खणांत शिरतात, वायूला हुसकावून त्याची जागा घेतात. जखम ओली असते, म्हणजे चावी तिच्यातच आहे. पुढे त्याच घरात मेट्रोनिडाझोलही बसवून एकाच भुकटीतून तीन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने सोडता येतात हेही त्यांनी दाखवलं: वायू, औषध आणि खुद्द धातू.

महाराष्ट्रात हा धागा पुण्यात सापडतो. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांनी या घरांवर काम केलं. ते याघींच्या प्रयोगशाळेत झिफ बनवायला शिकून आलेले. २००८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या प्रसिद्ध निबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे. पुण्यात त्यांनी मॉफची धातूविना असलेली चुलत भावंडं बनवली, नुसत्या सेंद्रिय तुळयांची. २०१६ साली त्यांच्या गटाने ग्वानिडिनियम नावाचा धनभारित भाग घालून अशी चौकट केली. सगळीकडे धनभार असल्याने तिचे थर एकमेकांना ढकलतात आणि ती आपली आपण पातळ पापुद्र्यांत सुटते. जिवाणूचं आवरण ऋणभारित असतं. पापुद्रे त्याला जाऊन चिकटतात आणि आवरण फाटतं. स्टॅफिलोकोकस आणि ई-कोलाय, दोन्हींवर परिणाम दिसला. त्याच पाषाणमध्ये, आयसरमध्ये, सुजित घोष यांचा गट सच्छिद्र पदार्थांवर काम करतो, आणि ते क्योतोला कितागावांकडे राहून आलेले. नोबेलच्या तिघांपैकी दोघांच्या हाताखालची माणसं पुण्यात एकाच रस्त्याला कामाला होती.

पण मला राहून राहून वाटतं ते नांदेडबद्दल. कापसाच्या धाग्यावर एचकस्ट-१ वाढवता येतं. कोलंबियातले संशोधक आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातले हुआन हिनेस्त्रोसा यांनी २०१४ साली ते केलं. सेल्युलोजवर आधी तांब्याला धरतील असे आम्लाचे हात लावले, मग त्याच हातांवर घरं उभी केली, आणि त्या कापडाने ई-कोलाय वाढू दिला नाही. धागा आणि भुकटी नुसती चिकटवलेली नाही, रासायनिक बंधाने एक झालेली आहे. आता बघा, कापूस म्हटलं की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नांदेड-४४ आठवतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ते संकरित वाण कितीक वर्षं विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात पिकलं. विष्णुपुरीला १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्यात रसायनशास्त्राचं संकुल आहे, आणि लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. त्याच विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथे भाजलेले, अपघाताचे आणि शुगरच्या पायांचे रुग्ण आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातून येतात. कापूस, रसायन आणि जखम, तिन्ही एकाच गावच्या हद्दीत.

आणि या कामाला कोट्यवधींची यंत्रं लागतातच असं नाही. एचकस्ट-१ तर खलात घोटूनही होतं. कॉपर अ‍ॅसिटेट आणि ट्रायमेसिक आम्ल कोरडंच वाटायचं, व्हिनेगरमधलं आम्ल बाहेर पडतं आणि निळी भुकटी उरते. रसशाळेत खल धरणाऱ्या वैद्याला हे पाहून बरं वाटलं असतं. घर खरंच बांधलं गेलं का हे पाहायला क्ष-किरणांचं यंत्र लागतं, आणि ते जिवाणू मारतं का हे पाहायला एक सूक्ष्मजीवशास्त्राची खोली. अवघड भाग यंत्रांचा नाही, रसायनवाल्याने आणि सर्जनने एका टेबलाशी बसून चहा पिण्याचा आहे.

हे सगळं वाचून मेडिकलमध्ये मॉफचं मलम मागायला जाऊ नये. ते तिथे नाही. वर सांगितलेलं जवळपास सगळं काचेच्या बशीत किंवा उंदरांत झालेलं आहे. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेलं एक मॉफ हॅफ्नियमचं आहे, तेही कर्करोगात किरणोपचाराला मदत म्हणून. बाजारात मॉफ आधी पोचलं ते फळांच्या गोदामात: सफरचंद-नासपती लवकर पिकू नयेत म्हणून एक वायू सोडणारी भुकटी, २०१६ साली. औषधाची वाट लांब आहे कारण प्रश्न खरे आहेत. तांबं जिवाणूला विष आहे तसं जास्त झालं तर आपल्या यकृतालाही आहे. नॅनोकण रक्तात शिरले तर कुठे साचतात हे प्रत्येक मॉफसाठी वेगळं तपासावं लागतं. जिवाणूही गप्प बसत नाहीत, तांबं बाहेर फेकणारे पंप त्यांच्याकडेही आहेत, आणि असे जीन कधी कधी अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जीनच्या शेजारीच बसलेले असतात. म्हणून धातूची फवारणी सगळीकडे करत सुटणं हा शहाणपणा नाही. पण हातावर हात ठेवून बसणंही परवडणारं नाही. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळेच मेली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे.

सगळ्यात कठीण प्रश्न असा, की घर पडल्यावर राडारोडा कुणी उचलायचा? औषध गेलं, धातू गेला, तुळया अंगात राहिल्या, त्यांचं काय? फ्रान्समधल्या व्हर्सायच्या गटाने याचं एक उत्तर २०१० साली दिलं: तुळईच औषधाची घ्या. लोह आणि निकोटिनिक आम्ल, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, एवढ्या दोनच गोष्टींचं त्यांनी घर केलं. काही वर्षांत त्याच कुळातलं बायोमिल-५ आलं. खांब जस्ताचे, तुळया अ‍ॅझेलिक आम्लाच्या. जस्त जिवाणूंना नडतं. अ‍ॅझेलिक आम्लही नडतं, ते गव्हा-बार्लीच्या दाण्यांत असतं आणि मुरुमांवरच्या मलमात आजही विकलं जातं. स्टॅफिलोकोकसच्या दोन जातींवर ही भुकटी वापरली तेव्हा दोन्ही घटक हळूहळू सुटत गेले आणि परिणाम टिकून राहिला. या घरात वेगळं औषध भरावंच लागत नाही, आणि ते पडल्यावर मागे औषधाशिवाय काही उरत नाही.